पावसाळ्यातली गाभोळी आणि मच्छीमाराची भाकर

आषाढात बाजारात पोट फुगलेला रोहू दिसला की आपल्यापैकी पुष्कळांना आनंद होतो. आत गाभोळी आहे म्हणून विकणारा दोन पैसे जास्त मागतो आणि आपणही ते देतो. त्या गाभोळीची खरी किंमत कोण भरतो, ते आज पाहू.

रोहू, कटला व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. पहिल्या पुराचे ताजे पाणी वाहू लागले की ते प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि उथळ जागी अंडी सोडतात. एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, पण त्यांतली फार थोडी पिले मोठी होतात. म्हणून मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या व जलाशयांत मासेमारी बंद असते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी आहे. बियाण्याची ज्वारी दळून खाणाऱ्याला आपण शहाणा शेतकरी म्हणत नाही. गाभोळीच्या माशाचेही तसेच आहे.

परंतु नुसत्या बंदीने भागत नाही. कोकणातला कोळी लहान होडी घेऊन जातो, तेव्हा मोठ्या नौकांची पर्ससीन जाळी अख्खा थवाच वेढून नेतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये या जाळ्यांवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनाई केली. तरीही चोरून मासेमारी चालते. समुद्र ओस पडू लागला की मोठा मालक दुसरा धंदा पाहतो. कोळ्याला मात्र दुसरे शेत नसते.

आपल्या जवळचे उदाहरण तवा धरणाचे आहे. या धरणाने गोंड व कोरकू आदिवासींची ४४ गावे उठविली. शेती पाण्याखाली गेली. त्याच पाण्यात जाळे टाकले की लोक त्यांना चोर ठरवीत, कारण मासेमारीचा हक्क आधी महामंडळाकडे व पुढे ठेकेदाराकडे होता. मोठ्या लढ्यानंतर १९९६ साली तो हक्क त्यांच्याच सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाला मिळाला. मग संघाने जलाशयात मत्स्यबीज सोडले, पावसाळ्यातली बंदी पाळली व चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवला. ठेकेदाराला यंदाचा हिशेब महत्त्वाचा होता. यांना पुढच्या वर्षीही त्याच पाण्यावर जगायचे होते. उत्पन्न वाढले व मजुरीही सुधारली. जलाशयाचा काही भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने डिसेंबर २००६ मध्ये मुदत संपल्यावर पट्टा पुन्हा मिळाला नाही. ज्यांनी पाणी राखले त्यांचीच रोजी गेली, याचे आम्हांला वाईट वाटते.

धडा सरळ आहे. पाण्यावर पोट असणाऱ्याच्या हाती हक्क असला, तर तो बीज राखतो. आपण तळ्यावर जात नसलो तरी बाजारात तर जातोच. म्हणून प्रत्येक घराने एवढे करावे:

१. १६ जून ते १५ ऑगस्ट नदीचा व मोठ्या जलाशयाचा मासा घेऊ नये. नदीनाल्यांशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांत पाळलेला मासा खुशाल घ्यावा. मासा कुठला, हे विकणाऱ्याला विचारावे.

२. बोटाएवढी पिले स्वस्त मिळाली तरी नाकारावीत. पापलेटासाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये किमान १३५ मिलिमीटर लांबी ठरविली आहे. स्वयंपाकघरातल्या पट्टीनेही ती मोजता येते.

३. जाळे टाकणाऱ्याकडून किंवा त्याच्या सहकारी संस्थेकडून मासा मिळत असेल, तर तेथेच घ्यावा व फार घासाघीस करू नये.

त्या दोन महिन्यांत डाळी, अंडी, शेंगदाणे व पालेभाज्या यांवर घराचे पोषण नीट होते. भाद्रपदात पुन्हा मासा खाऊ, तेव्हा तो पाण्यात असला म्हणजे झाले.