घरी पाहिलेले बोलपट

मंडळी, पूर्वी बोलपट पाहायचा म्हणजे जत्रेची वाट पाहावी लागे. जत्रेत तंबू लागे. तंबूत एका बाजूला बापये बसत, दुसऱ्या बाजूला बायका. मधोमध यंत्र असे. रीळ तुटले की सगळे शिट्ट्या मारीत. ज्यांच्याजवळ तिकिटाचे पैसे नसत, ती पोरे कनात उचलून आत शिरत. आम्ही त्यांत नव्हतो असे काही म्हणवत नाही.

आता बोलपट घरात आला आहे. या पावसाळ्यात आमचा नातू आठ दिवस राहायला आला होता. पाऊस असा लागला होता, की शेतात पाऊल टाकता येईना. नातवाने मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "आजोबा, कोणता पिक्चर लावू?" मग काय, रोज रात्री जेवणे आटोपली की आमच्या माजघरात घोंगडी अंथरायची. शेजारची चार माणसे यायची. भाजलेल्या शेंगांचे सूप मध्ये ठेवायचे. असे पाच बोलपट आम्ही पाहिले. त्यांविषयी आम्हाला काय वाटले ते सांगतो. तुम्हाला वेगळे वाटेल. वाटू द्या.

पहिला लावला 'संत तुकाराम'. हा १९३६ सालचा. पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी तो दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणजे सगळ्यांकडून काम करवून घेणारा. नट, गाणी, उजेड, कपडे, सगळे त्याच्या डोळ्यांखालून जाते. तुकारामांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले आहे. हे पागनीस आधी नाटकात बायकांची कामे करीत. हे ऐकून शेजारच्या काकूंना खरेच वाटेना. १९३७ साली इटली देशात व्हेनिस शहरी या बोलपटाचा गौरव झाला.

नातू म्हणाला, "यात रंगच नाहीत." आम्ही म्हटले, "बघ तर खरा." दहा मिनिटांनी तो गप्प झाला. आम्हाला मात्र तुकारामांपेक्षा त्यांची बायको जिजाई जास्त आवडली. हे काम गौरी नावाच्या नटीने केले आहे. नवरा भजनात दंग, घरात दाणा नाही, पोरे भुकेली. ती नवऱ्याला बोलते, देवालाही वाटेल ते बोलते, आणि पुन्हा चुलीपाशी बसते. आमची मंडळी म्हणाली, "बाईचं काय चुकलं? देव तिच्या चुलीत लाकडं घालायला येणार होता का?" यावर आम्ही काही बोललो नाही.

या बोलपटात बी आणि झाड यांविषयी एक अभंग आहे. आपल्या भजनातही तो म्हणतात. तो तुकोबांचा नव्हे. शांताराम आठवले या कवींनी तो या बोलपटासाठी लिहिला. पण लोकांना तो इतका खरा वाटला, की तुकोबांचाच समजून गाऊ लागले.

दुसऱ्या रात्री 'पिंजरा'. हा व्ही. शांताराम यांचा, १९७२ सालचा. आम्ही शाळकरी असताना हा तंबूत आला होता. वडील माळकरी, त्यांनी जाऊ दिले नाही. म्हणून आता हौसेने पाहिला. डॉक्टर श्रीराम लागू यांनी गुरुजींचे काम केले आहे. गाव ज्यांना देव मानते ते गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादी लागतात, आणि शेवटी फडात तुणतुणे धरून उभे राहतात. लागूंचे काम पाहून जीव गलबलतो. पण गोष्ट आम्हाला पटली नाही. आम्ही उभी हयात गुरुजी म्हणून काढली. गुरुजी घसरला तर तो आपल्या पायांनी घसरतो. दोष सारा घुंगरांवर कशाला टाकायचा? फडातल्या बाईचे पोटपाणी, तिचे हाल, हे कोण पाहणार?

तिसऱ्या रात्री 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ सालचा. घरमालकीण फक्त नवराबायकोला जागा देते, म्हणून चौघा मित्रांतले दोघे लुगडी नेसून बायका होतात. यात सांगण्यासारखे फार नाही. हसून हसून पोट दुखले, एवढेच. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे समोर आले की शेंगा खायचे भान राहत नाही.

चौथ्या रात्रीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

शेजारच्या काकू आपल्या वर्गाला सहा महिने येत आहेत. त्या पुढेच बसल्या होत्या. पडद्यावर बोलपटाचे नाव आले. काकू म्हणाल्या, "गुरुजी, थांबा, सांगू नका." नातवाने चित्र थांबवले. घरी पाहण्याचा हा फायदा. तंबूत कोण थांबवणार? काकूंनी बोट वर केले. "अर्धा श... त्याला व चिकटलेला... श्वा... स. श्वास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला.

'श्वास' हा २००४ साली आला. संदीप सावंत हे त्याचे दिग्दर्शक. कोकणातल्या खेड्यातला एक आजोबा आपल्या लहान नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतो. डॉक्टर सांगतात, डोळ्यांत कर्करोग आहे. ऑपरेशन केले नाही तर पोरगा जगणार नाही. केले तर जगेल, पण दृष्टी जाईल. आता हे पोराला सांगायचे कोणी? आजोबाचे काम अरुण नलावडे यांनी केले आहे. ऑपरेशन एक दिवस पुढे जाते. त्या दिवशी आजोबा कोणाला न विचारता नातवाला दवाखान्यातून बाहेर नेतो. कशाला? तर पोराने जग डोळे भरून पाहावे म्हणून. डॉक्टर रागावतात. त्यांचेही खरे, आजोबाचेही खरे. 'श्यामची आई' या बोलपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतर देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान मराठीकडे आला तो 'श्वास'मुळे.

हा रोग कल्पनेतला नाही. तो बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. मुलाच्या डोळ्यातली बाहुली काळी दिसायची, ती उजेडात किंवा फोटोत पांढरी चमकते. कधी डोळा तिरळा होतो. असे दिसले तर अंगारा-धुपारा करीत बसू नये, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. वेळेवर नेले तर जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. दुसऱ्या दिवशी काकू सकाळीच बॅटरी घेऊन नातवाच्या डोळ्यांत पाहू लागल्या. पोर रडून बेजार. आम्ही म्हटले, "काकू, बॅटरी ठेवा. शंका असेल तर आशाताईंना सांगा, त्या दवाखान्यात पाठवतील." पोराचे डोळे चांगले आहेत.

पाचवा बोलपट 'फँड्री'. २०१३ सालचा. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी तो केला. 'फँड्री' हा कैकाडी बोलीतला शब्द. त्याचा अर्थ डुक्कर. जब्या नावाचा मुलगा शाळेत जातो. त्याच्या बापाला गावातली डुकरे धरायचे काम करावे लागते, आणि जब्यालाही त्याच्या मागे जावे लागते. वर्गातली मुले हे पाहतील म्हणून जब्या लपतो. एकदा डुक्कर हाताशी येते, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो. घरचेही उभे राहतात. डुक्कर पळून जाते. पुढे ते धरून नेतात तेव्हा वाटेत शाळेची भिंत लागते. भिंतीवर आंबेडकरांचे चित्र आहे, सावित्रीबाईंचे चित्र आहे. आणि त्यांच्या समोरून ते डुक्कर चालले आहे. शेवटी जब्या धोंडा उचलतो आणि चिडवणाऱ्यावर मारतो. तो धोंडा थेट आपल्याच तोंडावर येतो असे वाटते.

बोलपट संपला. नातू झोपला होता. शेजारी उठून गेले. आम्हाला काही झोप येईना. मंडळीने विचारले, "अहो, बरं वाटत नाही का?"

आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. नोकरीची आमची ती पहिलीच वर्षे. तो दारापाशी बसे. बसायला घरचे पोते आणी. आम्ही त्याला दारापाशी बसायला कधी सांगितले नव्हते. पण "पुढे ये" असेही कधी म्हटले नाही. बापाबरोबर कामाला गेला की चार चार दिवस येत नसे. आम्ही हजेरीत गैरहजेरीची खूण करीत असू. का येत नाही, हे विचारायला त्यांच्या पालापर्यंत गेलो नाही. पाल शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. पाचवीत त्याचे नाव पटावरून कमी केले. ती ओळ आमच्याच हातची आहे. पुढे आम्ही हेडमास्तर झालो, सत्कार झाले, शाली मिळाल्या.

तो आता तालुक्याच्या गावी असतो. बसस्टँडजवळ त्याचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. पाऊस उघडल्यावर आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. त्याने ओळखले. हात पुसून पाया पडू लागला. आम्ही त्याला वर धरले. काय बोलावे सुचेना. शेवटी विचारले, "अरे, तू तो फँड्री पाहिलास का?"

तो म्हणाला, "आला तेव्हाच पाहिला, गुरुजी. दोनदा. पोरांनाबी घेऊन गेलतो. तुमी आत्ता पाहिला?"

आम्ही म्हटले, "होय. आत्ता पाहिला."

त्याने आतली खुर्ची आणून पुढे ठेवली, आणि समोरच्या हाटेलात दोन चहा सांगितले.