हरण्या: उपटण्यावाचून उपाय नसलेला रोग

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात जून-जुलैत लावलेल्या केळीच्या मृगबागांवर, ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस लांबला की, हरण्याचे संकट येते. 'कुकुंबर मोझॅक' या विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे उमटतात, पाने अरुंद व कडक होतात आणि पुढे पोंगा सडतो.

ही लक्षणे विषाणू झाडाचे अन्न पळवतो म्हणून दिसतात, हा समज अपुरा आहे. पेशीत शिरलेला विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय संदेश, ओळखून कापून टाकणारी यंत्रणा वनस्पतीकडे असते आणि 'आर्गोनॉट' नावाचे प्रथिन तिची कात्री असते. विषाणूचे '२बी' हे सुमारे ११० अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन नेमकी हीच कात्री अडवते. परंतु पानांची वाढ व आकार यांचे नियंत्रण करणारे सूक्ष्म आरएनएही त्याच आर्गोनॉट प्रथिनाच्या साहाय्याने काम करत असल्याने संरक्षणाबरोबर वाढीची घडीही विस्कटते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातील प्रायोगिक वनस्पतीत विषाणूविना केवळ तीव्र वाणाचे २बी जनुक घातले तरी पाने वेडीवाकडी झाली, तर २बी वगळलेल्या विषाणूमुळे तिच्यात आणि तंबाखूत जवळजवळ लक्षणेच दिसली नाहीत. पिवळेपणाचा संबंध मात्र विषाणूच्या आवरण-प्रथिनाशी आढळला असून, तंबाखूत त्यातील १२९व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलल्याने तो घडतो किंवा टळतो.

एवढे कळल्यावरही पिवळी पाने दिसताच जस्त-लोहाच्या फवारण्या, स्ट्रेप्टोसायक्लीन, ताक-गूळ आणि दुकानदाराने पुढे केलेले 'व्हायरस टॉनिक' यांवर पैसा उधळला जातो, हे अनाकलनीय आहे. स्ट्रेप्टोसायक्लीन जिवाणूंवर चालते, विषाणूवर नव्हे. आणि पेशीत बसलेले २बी कोणत्याही फवारणीने निघत नाही. खोड बुंध्यापासून छाटून कंद जमिनीतच ठेवण्याची सवय तर अधिक घातक आहे, कारण त्याच कंदाचे पील रोग घेऊनच वर येतात आणि मालक मात्र झाड काढल्याच्या समाधानात राहतो.

मावा रोगट पानाला काही सेकंद ते मिनिटे सोंड लावूनही विषाणू उचलतो व लगेच दुसऱ्या झाडाला देतो, म्हणून कीटकनाशक प्रसार पूर्णपणे रोखू शकत नाही. तरीही रोगट झाड हलवण्यापूर्वी त्यावरील मावा मारावा, अन्यथा तो उडून शेजारच्या झाडावर बसतो. नंतर ते कंदासह उपटून बागेबाहेर खोल पुरावे किंवा जाळावे, आणि पहिले काही महिने दर आठवड्याला प्रत्येक ओळ तपासावी. हा विषाणू १२००हून अधिक वनस्पती जातींवर जगतो, तेव्हा केळीत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांचे आंतरपीक घेऊन वर बांधावर तण माजू देणाऱ्याने रोपवाटिकेला दोष देण्याची घाई करू नये. तथापि ऊतिसंवर्धित रोपे विषाणू-तपासणी झालेलीच घ्यावीत आणि नांग्या भरण्यासाठीची जादा रोपे उघड्यावर न ठेवता कीटकरोधक जाळीत वाढवावीत.