प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा : हुनराला हिशेबाची जोड

आमच्या समाजात हुनराची वाण कधीच नव्हती. सुतार, गवंडी, वेल्डर, फिटर, रंगारी, विणकर अशा हातांनी घरे उभी केली, यंत्रे चालविली. कोकणातील कितीतरी घरांचा चरितार्थ आखाती देशांतील कारागिरीवर चालत आला आहे. पण एक गोष्ट वारंवार नजरेस येते. वीस वर्षे काम केलेला आमचा मिस्त्री फोरमनच्या जागेवर थांबतो आणि त्याच्या हाताखाली काम शिकलेला दुसरा कोणी त्याच्यावर मॅनेजर म्हणून येऊन बसतो. कामाचे ज्ञान मिस्त्रीकडे अधिक असते. पण ते ज्ञान कागदावर मांडण्याची रीत आणि त्याला मान्यता देणारा दाखला दुसऱ्याकडे असतो. हा दाखला मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा. तिची तयारी कशी करावी, याचा हा पाठ.

परीक्षा कोणती?

अमेरिकेत १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही संस्था स्थापन झाली. तिने १९८४ पासून प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे पीएमपी, ही परीक्षा सुरू केली. बांधकाम, तेल-वायू, संगणक, कारखानदारी अशा अनेक क्षेत्रांत हा दाखला मानला जातो आणि आखाती देशांतील नोकरीच्या जाहिरातींतही त्याची मागणी दिसते.

जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या आराखड्यात १८० प्रश्न व २३० मिनिटांचा वेळ ठरविण्यात आला. प्रश्नांचे तीन विभाग केले गेले : माणसे ४२ टक्के, कार्यपद्धती ५० टक्के आणि व्यावसायिक परिस्थिती ८ टक्के. हा आराखडा दर काही वर्षांनी बदलतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावरून चालू आराखडा मिळवावा व त्याप्रमाणेच अभ्यास करावा. जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

कोणाला बसता येते?

२०२१ च्या त्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी असणाऱ्यास प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि बारावी किंवा पदविका असणाऱ्यास ६० महिन्यांचा अनुभव लागत असे. हा अनुभव मागील ८ वर्षांतील असावा लागे. शिवाय ३५ तासांचे प्रकल्प व्यवस्थापनाचे शिक्षण आवश्यक होते. अनुभव नसलेल्या तरुणांसाठी याच संस्थेची सीएपीएम ही प्राथमिक परीक्षा आहे. शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनी तिथून सुरुवात करावी.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. रोज दुकान उघडणे, माल विकणे, संध्याकाळी गल्ला मोजणे हा प्रकल्प नव्हे; ते नित्याचे काम. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ज्यातून ठरावीक वस्तू वा सेवा निर्माण होते, तो प्रकल्प. नवीन दुकानाचे फर्निचर करून देणे, शाळेला शेड घालून देणे, यंत्रमागाच्या कारखान्यात नवे माग बसविणे, हे सर्व प्रकल्पच. अर्जात अशीच कामे दाखवावयाची असतात आणि त्यांत आपण नुसते राबलो नाही, तर काम पार पाडण्याची जबाबदारी घेतली, हे दिसले पाहिजे.

पहिली तयारी : वही

अर्जांपैकी काही अर्ज संस्था पडताळणीसाठी निवडते. मग ज्यांच्यासाठी वा ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांची सही आणि शिक्षणाचे कागद मागितले जातात. आमच्या कारागिरांची गाडी इथेच अडते. आमच्या माहितीतील एका सुपरवायझरने परदेशात मोठमोठी कामे निभावली. पण परत येताना एकाही कामाचे पत्र आणले नाही. पुढे कंपनी बंद पडली, साहेब आपापल्या मुलखी गेले आणि तेवढा सगळा अनुभव नुसता सांगण्यापुरता उरला.

म्हणून आजच एक वही घाला. प्रत्येक कामासाठी इतके लिहा : कामाचे नाव, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, ठरलेली रक्कम, किती माणसे होती, आपली जबाबदारी, काय अडचण आली व कशी सोडविली आणि खात्री देणाऱ्या माणसाचा पत्ता. काम संपताच पत्र मागून घ्या. एकाच महिन्यात दोन कामे चालू असतील तर तो महिना एकदाच धरला जातो, हेही ध्यानात असू द्या.

दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आयत २८२ मध्ये, मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार करण्याचा आदेश आहे. व्यवहार तोंडी ठेवण्याची आपली सवय या शिकवणुकीच्या विरुद्ध आहे. परीक्षा दिली नाही तरी ही वही फुकट जाणार नाही.

हिशेबाचे तीन धडे

पहिला धडा : कमावलेले मूल्य. समजा, एका शाळेला १०० बाके ४ आठवड्यांत करून द्यावयाची आहेत. आमचा अंदाजी खर्च २,००,००० रुपये, म्हणजे बाकामागे २,००० रुपये. दर आठवड्यास २५ बाके व्हावयास हवीत. दोन आठवडे झाले. बाके तयार झाली ४० आणि खर्च झाला ९६,००० रुपये.

साधा कारखानदार म्हणेल, "दोन आठवड्यांत एक लाख खर्च व्हायचे होते, ९६,००० झाले, चार हजार वाचले." ही मोठी फसगत आहे. आता परीक्षेच्या रीतीने पाहू.

नियोजित मूल्य : ५० बाके × २,००० = १,००,०००
कमावलेले मूल्य : ४० बाके × २,००० = ८०,०००
प्रत्यक्ष खर्च : ९६,०००

कमावलेल्या मूल्यातून प्रत्यक्ष खर्च वजा केला की उणे १६,००० येतात. म्हणजे चार हजार वाचले नाहीत, सोळा हजार जास्त गेले. कमावलेल्या मूल्यातून नियोजित मूल्य वजा केले की उणे २०,०००. काम दहा बाकांनी मागे आहे. कमावलेल्या मूल्यास खर्चाने भागले की ०.८३ येते. याला खर्च निर्देशांक म्हणतात. रुपया घातला तर त्र्याऐंशी पैशांचेच काम झाले, असा त्याचा अर्थ. काम याच चालीने राहिले तर एकूण खर्च किती होईल? एकूण अंदाजास या निर्देशांकाने भागावे. उत्तर येते २,४०,०००. शाळेशी सौदा २,२०,००० ला ठरला असेल, तर नफा नाहीच, उलट वीस हजारांचा खड्डा. हे दुसऱ्या आठवड्यात कळले तर इलाज करता येतो. चौथ्या आठवड्यात कळले तर फक्त पश्चात्ताप उरतो.

दुसरा धडा : अडणारी वाट. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या कामातून पुढे आली. एक कापडाचे दुकान रमजानपूर्वी सजवून द्यावयाचे आहे. मोजमाप व नकाशा २ दिवस. त्यानंतर कारखान्यात काउंटर व रॅक बनविणे १० दिवस. त्याच वेळी दुकानात वायरिंग ४ दिवस आणि वायरिंगनंतर रंग ३ दिवस. रंग व रॅक दोन्ही तयार झाल्यावर बसविणे २ दिवस.

सुतारकामाची वाट : २ + १० + २ = १४ दिवस.
वायरिंग-रंगाची वाट : २ + ४ + ३ + २ = ११ दिवस.

सर्वांत लांब वाट तीच अडणारी वाट. दुकान १४ दिवसांच्या आत होणार नाही. वायरिंग व रंगाकडे मिळून ३ दिवसांची सवड आहे. मालक घाई करू लागला की आपण वायरमनवर ओरडतो. पण त्याने दोन दिवस वाचविले तरी दुकान एक तासही लवकर उघडणार नाही. जादा माणूस लावायचा तर सुतारकामावर लावावा. आणि वायरिंग चार दिवसांनी लांबले, तर तीच वाट १५ दिवसांची होऊन अडणारी बनते. परीक्षेत अशी वाट बदललेली उदाहरणे हटकून येतात.

तिसरा धडा : तीन अंदाज. पॉलिशचे काम सर्व सुरळीत झाले तर ४ दिवस, सर्वसाधारणपणे ६ दिवस आणि पावसाने ओल धरली तर १४ दिवस. गिऱ्हाइकाला काय सांगावे? मधल्या अंदाजाची चौपट करून तिन्ही मिळवावेत व ६ ने भागावे : ४ + २४ + १४ = ४२; भागिले ६, उत्तर ७ दिवस. "उद्या देतो" म्हणण्याच्या आपल्या सवयीने किती गिऱ्हाइके तुटली, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

प्रश्नांचा कल ओळखा

गणिते थोडी असतात. अधिक प्रश्न प्रसंगावर असतात आणि चारही उत्तरे बरोबर वाटतात. आम्ही रचलेला एक नमुना पाहा.

दुकानाचे काम अर्धे झाले आहे. मालक येऊन म्हणतो, "वरती एक माळाही काढा, पैशाचे नंतर बघू." तुम्ही प्रथम काय कराल? (अ) लगेच माळा काढायला घ्याल. (आ) करारात नाही म्हणून साफ नकार द्याल. (इ) माळ्याने वेळ व खर्च किती वाढेल ते काढून मंजुरीसाठी मांडाल. (ई) वरिष्ठांकडे तक्रार कराल.

उत्तर (इ). "प्रथम", "यानंतर", "सर्वांत योग्य" हे शब्द प्रश्नात असतील तर त्यांखाली मनात रेघ ओढावी. आधी परिस्थिती समजून घेणे, मग संबंधितांशी बोलणे, मग ठरलेल्या मार्गाने बदल करणे, हा या परीक्षेचा सर्वसाधारण कल आहे. घाईने कृती करणे आणि उगाच वरिष्ठांकडे धावणे, ही दोन्ही उत्तरे बहुधा चुकीची ठरतात.

२०२१ च्या आराखड्यात निम्म्याच्या आसपास प्रश्न ॲजाइल व मिश्र पद्धतीवर ठेवले गेले. शब्द नवा असला तरी रीत आमच्या शिवणकाम करणाऱ्यांना परकी नाही. शंभर डझनांची ऑर्डर एकदम न कापता आधी थोडे नग करून दाखवावेत, खरेदीदाराचे म्हणणे ऐकावे, सुधारणा करून पुढचा गट घ्यावा. रोज सकाळी कारागिरांसह पंधरा मिनिटे उभ्याने बोलावे : काल काय झाले, आज काय करायचे, कुठे अडले.

बारा आठवड्यांचे वेळापत्रक

पहिले चार आठवडे मूळ संज्ञा व पाठ्यक्रम. पुढचे चार आठवडे गणिते, प्रसंगाचे प्रश्न व ॲजाइल. शेवटचे चार आठवडे पूर्ण सराव परीक्षा. आठवड्यात सहा दिवस, फजरनंतर दीड तास बसल्यास शंभराहून अधिक तास होतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी वही करावी आणि आपण का चुकलो ते एका ओळीत लिहावे. दोघे-तिघे मित्र मिळून अभ्यास केल्यास उत्तम. इंग्रजीची भीती असेल तर रोज वीस संज्ञा इंग्रजीत पाठ करून त्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगून पाहावा. अरबीसारख्या काही भाषांची सोयही संस्थेने केली आहे.

१८० प्रश्नांना २३० मिनिटे म्हणजे प्रश्नास सुमारे ७६ सेकंद. त्या आराखड्यात साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती होती आणि विश्रांतीनंतर मागे फिरता येत नसे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

दोन इशारे

काही क्लासवाले "पास होण्याची हमी" देतात, चोरलेले प्रश्न विकतात किंवा खोटा अनुभव लिहून देतात. हलाल रोजीच्या शोधात निघून पहिले पाऊलच असत्यावर टाकायचे, यात बरकत कोठून येणार? संस्थेच्या आचारसंहितेची चार मूल्ये जबाबदारी, आदर, न्याय व प्रामाणिकपणा ही आहेत. आमच्यासाठी हे सारे अमानत या एका शब्दात येते.

दुसरे असे की फी डॉलरमध्ये असते व दाखला टिकविण्यासाठी दर तीन वर्षांनी ६० गुणांचे शिक्षणही दाखवावे लागते. तेव्हा व्याजाने पैसे काढून धावू नये. ज्याला आपल्याच दुकानात बसायचे आहे, त्याला दाखल्याची गरज नाही. त्याने वरील तीन धडे घेतले तरी पुष्कळ झाले. पण ज्याची मुले पदविका घेऊन बाहेर पडत आहेत, जो स्वतः सुपरवायझर आहे किंवा मोठे ठेके घेऊ पाहतो, त्याने हा मार्ग जरूर पडताळावा.

सरावासाठी

१) ६० कपाटे, ६ आठवडे, अंदाज ६,००,०००. तीन आठवड्यांत २४ कपाटे झाली, खर्च ३,००,०००. या चालीने एकूण खर्च किती?
२) कामावर ६ माणसे आहेत. आणखी २ आली. आपसांतील बोलण्याच्या वाटा कितीने वाढल्या? (रीत : माणसांची संख्या गुणिले एकाने कमी संख्या, भागिले दोन.)
३) अंदाज ३, ५ व १३ दिवस. किती दिवस सांगावेत?

उत्तरे : १) कमावलेले मूल्य २,४०,०००, निर्देशांक ०.८, एकूण ७,५०,०००. २) १५ वरून २८, म्हणजे १३ ने. ३) ६ दिवस.

ज्यांची तिन्ही उत्तरे बरोबर आली, त्यांनी आज इशानंतर वही घालावी आणि पहिल्या पानावर सध्या हातात असलेल्या कामाची तारीख लिहावी. अल्लाह आपल्या कष्टांत बरकत देवो.