विषादग्रस्त आप्ताचा सांगाती

दि. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवाद्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताजमहाल हॉटेल, नरिमन हाऊस इत्यादी ठिकाणी हल्ले केले. २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेल्या त्या संहारात १६६ जणांचे प्राण गेले. मृतांची गणना होते. परंतु जे जिवंत घरी परतले त्यांच्या अंतःकरणातील घाव कोण मोजणार? अशा आप्ताशी घरच्यांनी कसे वागावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

‘विषाद’ हा शब्द ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘सद्’ म्हणजे खाली बसणे, खचणे या धातूपासून झाला आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात (श्लोक २८ ते ३०) त्याची लक्षणे आली आहेत: गात्रे गळतात, तोंडास कोरड पडते, अंग कापते, त्वचेचा दाह होतो, मन भ्रमते. अर्जुन भित्रा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. हल्ल्यातून वाचलेला मनुष्य फटाक्याच्या आवाजाने दचकतो, रात्री जागतो, ‘मीच का वाचलो?’ असे स्वतःस विचारतो. प्रसंग भिन्न, खचणे तेच. बहुतेकांच्या बाबतीत ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. त्यांस दुबळेपणा म्हणू नये.

आता उपदेशाचा क्रम पाहावा. अर्जुन बोलत असता पहिल्या अध्यायाच्या अखेरपर्यंत भगवान मध्ये बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते निर्भर्त्सना करतात. पण तेवढ्याने अर्जुनाचा शोक जात नाही. पुढे सातव्या श्लोकात तो स्वतः शिष्यभावाने विचारतो, आणि आत्म्याच्या अमरत्वाचा बोध अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. भेटीस आलेली मंडळी मात्र उंबरठ्यावरूनच ‘आत्मा अमर आहे’ असे सांगू लागतात! न विचारता दिलेले तत्त्वज्ञान दुःखिताचे तोंड बंद करते. म्हणून प्रथम श्रवण करावे. त्यास बोलावयाचे असेल तर ऐकावे. नसेल तर ‘काय पाहिलेस?’ म्हणून खोदून विचारू नये, नुसते जवळ बसावे.

सहाव्या अध्यायातील (श्लोक १७) युक्त आहार, विहार व निद्रा हेही येथे औषधच होय. वेळेवर जेवण, थोडे चालणे, मद्याचा त्याग, आणि हल्ल्याची दृश्ये पुनःपुन्हा दाखविणारा दूरदर्शन संच बंद ठेवणे, एवढे घरच्यांच्या हाती आहे. त्यास पुन्हा स्थानकावर जावेसे वाटेल तेव्हा सोबत जावे. ओढून नेऊ नये. महिना उलटूनही पीडा कमी न झाल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. जीव देण्याची भाषा निघाल्यास क्षणभरही एकटे न सोडता तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शुश्रूषा करणाऱ्यानेही आळीपाळीने विश्रांती घ्यावी.

सर्व सांगून झाल्यावर भगवान अर्जुनास म्हणतात, पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर (१८.६३). सांगात्याची मर्यादा हीच. उठावयाचे त्याने, हात द्यावयाचा आपण.