आमची बाग

माझं माहेर तासगावकडचं. दोन एकर द्राक्षबाग, वडिलांनी लावलेली, आता दादा बघतो. मी पंचवीस वर्षं पुण्यात आहे आणि द्राक्षं भाजीवाल्याकडून घेते. तरी विषय निघाला की ‘आमची बाग आहे’ हे वाक्य तोंडातून जातंच. लेक फ्रान्सात दिजाँला शिकते. गेल्या जूनमध्ये तिच्याकडे गेले, तेव्हा एक दिवस गाडी घेऊन आम्ही बरगंडीतल्या बागा आणि गावं पाहत बोनपर्यंत उतरलो. अंतर जेमतेम 40 किलोमीटर. तेवढ्यात माझी बरीच हवा गेली. त्या दिवसाचे हे धडे.

1. द्राक्षबागेत द्राक्षं असतातच असं नाही. हे द्राक्षवाल्यांच्या लेकीला सांगावं लागतंय, हेच मोठं. घडांबरोबर फोटो काढायचा म्हणून ठेवणीतला कुर्ता घालून गेले, तर वेलींवर नुसता बारीक हिरवट फुलोरा. फुलोऱ्यानंतर शंभरेक दिवसांनी काढणी, असा तिथला जुना हिशोब, म्हणजे सप्टेंबर. तिथली वेल हिवाळाभर झोपते आणि वसंतात आपली आपण उठते. आपल्याकडे तिला झोपवण्याइतकी थंडीच नाही, म्हणून एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, सगळं कात्रीनं करावं लागतं. दर एप्रिलला दादा फोन उचलत नाही तो का, हे मला परदेशात जाऊन उमगलं.

2. मांडव नसला तरी ती बागच असते. तिथं वेली कमरेएवढ्या, तारांवर सरळ ओळीत, आणि घड धरतात ते गुडघ्याच्या उंचीला. हेक्टरी 10,000 वेली दाटीवाटीनं उभ्या. आपल्या बागेत बायकांच्या माना आणि खांदे भरून येतात, कारण सगळं काम डोक्यावर. तिथं कंबर जाते. एक बाई ओळीतून सरळ झाली आणि कमरेवर हात ठेवून तिनं जो सुस्कारा सोडला, त्याचं भाषांतर लेकीला करावं लागलं नाही.

3. वाटण्यांवर फक्त आपला हक्क नाही. वाटेत क्लो द व्हूजो लागतो. सितोच्या मठातल्या साधूंनी मध्ययुगात दगडी कुंपण घालून राखलेली, सुमारे 50 हेक्टरांची बाग. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची जमीन गेली, पुढं विक्री आणि वारसा यांत तुकडे पडत गेले, आणि आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला मोजक्या ओळी. मी हसून म्हटलं, आमच्या सातबाऱ्यासारखंच! मग लेकीमार्फत एका बागाईतदारीणबाईंना विचारलं, मुलींनाही वाटा मिळतो का? त्यांना प्रश्नच कळेना. नेपोलियनच्या कायद्यापासून सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यात विचारायचं काय? वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर मी हसत सही केली होती, वहिनीनं पुरणपोळी केली होती. दादानं मागितलं नव्हतं, मीच दिलं. कायदा तर आपल्याकडेही मुलीच्या बाजूनं होता. तरीही त्या बाईंसमोर मी विषय बदलला.

4. थुंकण्यात अपमान नसतो. तळघरात वाइन चाखायला दिली, शेजारी थुंकायला भांडं. आजोबा माळकरी, आमच्या द्राक्षाचं टोक म्हणजे बेदाणा. तेव्हा माझा अनुभव बेताचा. पण कुणी प्रेमानं दिलेलं थुंकायचं कसं? मी सगळं गिळलं. तिसऱ्या पेल्यानंतर मी त्या गृहस्थांना बेदाण्याला गंधकाची धुरी कशी देतात ते मराठीत समजावत होते, असं लेक सांगते.

5. बारा ते दोन फ्रेंच खेड्यात भूक लागू द्यायची नाही. बेकरी बंद, दुकान बंद, निळ्या खिडक्यासुद्धा बंद. चर्चसमोरच्या बाकावर बसून आम्ही सांगलीचं भडंग खाल्लं.

6. माणसं ज्याच्याशी भांडतात त्या शत्रूवरून ओळख पटते. वाटेत एका बागेत सिमेंटच्या जुन्या टाकीवर निळसर डाग दिसले. मालक म्हणाले, ‘बूयी बोर्दलेज’. फ्रेंच मला येत नाही, पण त्या निळ्यानं मी आठ वर्षांची झाले. मोरचूद, कळीचा चुना, पिंपात काठी ढवळणारे वडील, त्यांच्या पांढऱ्या शर्टावरचे कधीच न गेलेले ठिपके. बोर्डो! हा आमच्या गावचाच शब्द आहे असं मी लहानपणी समजत असे. गोष्ट तशी गमतीची. बोर्डोकडे रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद-चुना शिंपडत. दावण्याची साथ आली तेव्हा नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्या. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं ते हेरलं आणि 1885 मध्ये औषध जाहीर केलं. मी लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला. पुढची वीस मिनिटं मी आणि लेक केवळ दुभाषे. 2021 च्या एप्रिलमधल्या हिमानं कोंब जळाले, हे मालकांनी सांगितलं. दादानं अवकाळीत झडलेल्या मण्यांचं सांगितलं. मग मुळांवर गाडी आली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या किडीनं फ्रान्सच्या वेलींची मुळं खाल्ली, तेव्हापासून तिथं अमेरिकन मुळावर कलम करतात. दादा म्हणाला, ‘आपला डॉगरिज खुंट पण टेक्सासचाच की!’ ओळींच्या टोकाला गुलाब का, हे मी मघाशी ‘किती रोमँटिक’ म्हणून सोडून दिलं होतं. दादानं एका नजरेत विचारलं, ‘भुरी आधी त्यावर दिसते म्हणून लावत्यात काय?’ पूर्वी तसंच मानत, मालक म्हणाले, आता नुसते शोभेला. आणि ते दोघंही हसले. मला त्यांच्यात जागा नव्हती, नि वाईटही वाटलं नाही.

7. दगड आणला म्हणजे जमीन कळत नाही. ज्याच्या एकेका तुकड्याला नाव आहे, आणि 2015 पासून युनेस्कोच्या यादीत जागा, त्या उतारावरच्या रस्त्याकडेचा एक पांढुरका खडा मी पर्समध्ये घालून आणला. तासगावात मोठ्या कौतुकानं दादाच्या हातावर ठेवला. त्यानं तो नखानं खरवडला, जिभेला लावून पाहिला. ‘चुनखडी हाय ही. आपल्यात असल्या रानात वेल पिवळी पडती.’ मग वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. तो खडा आता दादाच्या टेबलावर, औषधांच्या बिलांवर असतो. पंखा लावला की बिलं उडतात म्हणून.