ताजमध्ये एक रात्र: खोली घेण्याआधी हे तपासा

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरचं ताजमहाल हॉटेल १९०३ सालचं. १९३०च्या दशकात जिथे जॅझ वाजायचा, ती जुनी वास्तू म्हणजे पॅलेस विंग. शेजारची उंच इमारत, टॉवर विंग, १९७०च्या दशकातली. टॉवरची खोली सहसा स्वस्त पडते आणि घाईत तीच घेतली जाते. जुन्या वास्तूत राहायचं असेल, तर बुकिंगच्या पावतीवर ‘पॅलेस’ शब्द आहे ना ते पाहा. नसेल, तर पैसे भरण्याआधी फोन करा. समुद्र दिसणाऱ्या खोलीला जास्त मोजावे लागतात, तेही तेव्हाच विचारून घ्या.

आता खर्च. दिवसाला ७,५०० रुपयांहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे भाडं २५,००० दिसलं, तर तुमच्या खिशातून २९,५०० जाणार. नाश्ता धरलाय का? तिसऱ्या माणसाच्या जादा पलंगाचे किती? दोन्ही आधी विचारा. हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्के, मद्यावर राज्याचा वेगळा व्हॅट. बिलात सेवा शुल्क दिसलं, तर ते काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते सक्तीने घेता येणार नाही, असं स्पष्ट केलंय. ऐकलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

‘नॉन-रिफंडेबल’ दर स्वस्त असतो, पण बेत बदलला की पैसे बुडतात. तारीख पक्की नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर अडकलेली रक्कम सुटायला काही दिवस लागू शकतात.

कागदपत्रं: प्रत्येक प्रौढाचं आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, यांपैकी एक. पॅन कार्डावर भिस्त ठेवू नका, त्यावर पत्ता नसतो. परदेशी नागरिकत्व असलेल्या नातेवाइकांना पासपोर्टसोबत व्हिसा किंवा ओसीआय कार्ड आणायला सांगा.

खोली दुपारी २ला मिळते, दुसऱ्या दिवशी १२ला सोडायची. म्हणजे हातात २२ तास. पहाटेच्या गाडीने येणार असाल, तर सामान ठेवून घेतात; खोली लवकर हवी असेल तर जादा आकार विचारा. डिसेंबरअखेर दर चढलेले असतात, पावसाळ्यात उतरतात.

नुसती वास्तू आतून पाहायची असेल, तर खोली घेऊच नका. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये आधी टेबल राखून चहा घ्या.