नाणे कैसराचे, वचन देवाचे

शास्त्रपाठ : मत्तय २२:१५-२२

प्रश्नकर्त्यांनी प्रभूला कर ‘देण्या’विषयी विचारले. प्रभूने उत्तरात योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र ‘परत देणे, ऋण फेडणे’ असा आहे. ज्याचा ठसा, त्याचे ते ऋण. नाणे कैसराचे, देवाच्या प्रतिरूपाचा मनुष्य देवाचा.

मग उपदेश कोणाचा? अमेरिकेत १९५४ च्या कायद्याने करमाफी असलेल्या मंडळ्यांना उमेदवाराच्या बाजूने प्रचार करण्यास मनाई केली. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या दोन दिवस आधी, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये रेव्ह. जॉर्ज रेगस यांनी इराक युद्धाचा निषेध केला. कोणाला मत द्यावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. २००५ मध्ये करखात्याने चौकशी आरंभली. मंडळीने कागदपत्रे देण्याचे नाकारले. २००७ मध्ये चौकशी संपली. करमाफी टिकली, तरी तो उपदेश निवडणुकीतील हस्तक्षेपच होता, असे खात्याने कळवले. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने टेक्सासमधील न्यायालयापुढे म्हटले, की उपासनेत मंडळीने आपल्या सभासदांशी श्रद्धेच्या दृष्टीने निवडणुकीविषयी बोलणे हा प्रचार नव्हे.

कैसर सवलत देतो, काढतो, पुन्हा सैल करतो. उपदेशकाची मर्यादा त्यावरून ठरू नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोदाला त्याचे पाप दाखवले. त्याच्या जागी कोणाला बसवावे, हे सांगितले नाही. सवलतीच्या भयाने मौन धरणे आणि उमेदवाराला व्यासपीठ उसने देणे, या दोहोंत देवाचे ते कैसराच्या हाती जाते.

मननासाठी : आपल्या मंडळीत सत्य बोलताना आपण प्रथम कोणाचा विचार करतो?